शेत सुटलं आणि चालणंही सुटलं: गावाकडच्या आईवडिलांची साखर, बीपी, गुडघे

माणदेशी_पोर

नमस्कार मंडळी. वर्षभर डोक्यात घोळत असलेला विषय आज लिहून काढतोय. लांबेल, पण वाचा.

माझे वडील ७३ वर्षांचे. आम्ही त्यांना नाना म्हणतो. गाव माण तालुक्यात, दहिवडीपासून आत. जन्मभर पायीच. घरापासून शेत दोन किलोमीटर, दिवसातून दोन खेपा. औत, दारं धरणं, वैरण, पेंढ्या डोक्यावर. चार वर्षांपूर्वी डोळ्याचं ऑपरेशन झालं, बैलजोडी विकली आणि रान वाट्याने दिलं. आता पेरणी ट्रॅक्टरने होते आणि मळणीला मशीन येतं. नाना सकाळी आठला मारुतीच्या पारावर जाऊन बसतात ते बाराला जेवायला उठतात. जेवण मात्र औत धरत होते तेव्हाचंच, तीन भाकरी.

अडीच वर्षांपूर्वी साखर निघाली, मागोमाग बीपी. मागच्या महिन्यात साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी (एचबीए१सी) केली, ती ९.२ आली. वजन फारसं वाढलेलं नाही, पण पोट सुटलंय आणि धोतराखाली दिसणाऱ्या पोटऱ्या काठीसारख्या झाल्यात. त्या पोटऱ्या लहानपणी माझ्या दोन हातांत मावत नसत. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

डॉक्टर म्हणाले, आजोबा, रोज पाऊण तास चाला. नाना घरी येऊन म्हणाले, "बिनकामाचं चालायला मी काय रिकामटेकडा हाय व्हय?" मी पुण्याहून बूट नेले, ते कपाटात आहेत. मग म्हटलं, शेतावर तरी जाऊन या. तर म्हणाले, "म्या गेलो की वाटेकऱ्याला वाटतं, राखण करायला आलाय म्हातारा." हे ऐकून मी गप्पच झालो. त्यांचं चुकत नव्हतं. गावातला रस्ता कुठेतरी जाण्यासाठी असतो, आणि नानांना आता कुठे जायचंच उरलेलं नाही.

आईची गोष्ट वेगळी. ती ६६ वर्षांची, दोन्ही गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू. घरात एक मिनिट बसत नाही, पण उंबऱ्याबाहेर पडणं थांबलंय. दिवाळीत न्हाणीत पाय घसरून पडली. हाड मोडलं नाही, नशीब.

ज्यांचे आईवडील गावी आहेत आणि ज्यांनी यातून काही वाट काढलीय, त्यांनी कृपया लिहा. शहरातल्या बागेत चालणाऱ्यांसाठीचे सल्ले भरपूर वाचून झालेत.

---

शिवार

धागा चांगला आहे, पण शेतकऱ्याला व्यायाम सांगणं मला पटत नाही. माझे आजोबा ८८ पर्यंत खुरपं घेऊन रानात बसायचे, आयुष्यात गोळी माहीत नाही. हे सगळे आजार हायब्रीड धान्य आणि युरियामुळे आलेत असं मला वाटतं. आधी खाणं सुधारा.

---

तालुक्याची_फिजिओ

माणदेशी, पोटऱ्यांचं तुम्ही अगदी बरोबर टिपलंय. आधी तेच समजावून सांगते.

आपण खातो त्यातली बरीचशी साखर शेवटी स्नायूंत जाते. मांड्या, पोटऱ्या, कुल्ले ही शरीरातली सगळ्यात मोठी कोठारं. स्नायू काम करतो तेव्हा तो इन्शुलिनची वाट न पाहताही रक्तातली साखर ओढून घेऊ शकतो. नानांचं कोठार चार वर्षांत आटलं आणि आवक मात्र तीन भाकरींचीच राहिली. वजन तेवढंच दिसतं, कारण स्नायू गेला आणि त्या जागी पोटावर चरबी आली. शेती सोडलेल्या माणसांत हे मी आठवड्याला दोनतीनदा पाहते.

शिवार, तुमच्या आजोबांना नमस्कार. पण ते ८८ पर्यंत रानात जात होते म्हणून धडधाकट होते, की धडधाकट होते म्हणून जाऊ शकत होते? दोन्ही खरं असू शकतं. आणि ज्यांची कंबर पन्नाशीतच गेली ते रानात दिसत नाहीत, ते घरात आडवे असतात, म्हणून आपल्या नजरेस पडत नाहीत.

शेतीकाम म्हणजे व्यायाम, हा समज मी इथे रोज ऐकते. काही अंशी तो खरा आहे. चालणं, औत, पाणी धरणं यांनी हृदयाला आणि पायांना काम मिळतं. पण खुरपणी म्हणजे सहा तास उकिडवं बसणं, ऊसतोड म्हणजे वाकून कोयता आणि वर डोक्यावर मोळी. त्याने कंबर, गुडघे झिजतात आणि दम वाढत नाही. शिवाय मधे विसावा आपल्या मर्जीचा नसतो. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी यावर बरंच काम केलंय: मोकळ्या वेळच्या हालचालीने हृदयविकार कमी होतो, पण अंगमेहनतीच्या कामाने तसाच फायदा दिसत नाही, काही वेळा उलट दिसतं.

आणि खेडं म्हणजे हालचाल हेही आता तितकंसं खरं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मधुमेहावरच्या इंडियाब पाहणीत, ज्यात महाराष्ट्रही होता, ग्रामीण भागातले निम्मे लोक पुरेशी हालचाल न करणारे निघाले. शहरात ६५ टक्के. त्याचा निष्कर्ष २०१४ साली आला. त्यानंतर दारात दुचाकी आणि हातात मोबाईल किती आले ते तुम्हीच बघताय.

आता करायचं काय. नानांना चालायला सांगायच्या आधी एक चाचणी घ्या. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा (प्लास्टिकची सरकते, जपून), हाताची घडी छातीवर, आणि पाच वेळा उठायचं-बसायचं. मोबाईलवर सेकंद मोजा. आशियाई लोकांसाठीच्या निकषांप्रमाणे १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांतली ताकद आणि चपळाई उतरलीय असं धरतात. जी चाचणी तोच व्यायाम: सकाळी दहा, संध्याकाळी दहा उठबशा. दाराची चौकट धरून टाचा उचलणं, वीस वेळा. चौकट धरूनच एका पायाच्या पुढे दुसरा पाय अगदी चिकटून ठेवून दहा सेकंद उभं राहणं. जागतिक आरोग्य संघटना २०२० च्या शिफारशींत ६५ च्या वरच्यांना नुसतं चालायला सांगत नाही. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि त्यात किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम, असं सांगते.

आईंसाठी: बाजेवर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दहा-दहा वेळा, दोन्ही पाय. मांडीचा पुढचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. धान्य निवडायला पाटाऐवजी उंच स्टूल. आणि न्हाणीत आजच्या आज धरायला एक दांडा बसवून घ्या, सिमेंटचा खडबडीत हात फिरवा. पडण्याची भीती बसली की माणूस हलायचा थांबतो, आणि हलायचा थांबला की खरंच पडतो.

---

कातळसडा

फिजिओताई, फार छान. मी राजापूरची. आमच्याकडे घर म्हणजे घाटी उतरून खाली आणि पाणी अजून खाली. आई सत्तरीपर्यंत ती घाटी दिवसातून चारदा चढायची. आता दारापर्यंत रस्ता आलाय, नळ आलाय, भाऊ बाइकवरून सोडतो. आईचे कष्ट वाचले याचा आनंदच आहे, ती हंड्याची चढण मला कुणालाच परत द्यायची नाही. पण त्या चढणीबरोबर वाटेतल्या चार बायकांशी बोलणंही गेलं. आमच्या बायकांना घराबाहेर पडायला कारण लागतं. पाणी हे कारण होतं, लाकूडफाटा हे कारण होतं. "फिरायला जाते" हे कारण होऊ शकत नाही, सासरच्या गावात तर नाहीच, पासष्टीतसुद्धा.

आम्ही काय केलं ते सांगते. वाडीतलं भजन एका घरी व्हायचं. ते फिरतं केलं. सोमवारी वरच्या वाडीत, गुरुवारी देवळात, शनिवारी सड्यापलीकडे. जाणं-येणं मिळून चाळीस-पन्नास मिनिटं. सगळ्या मिळून जातात, रात्र व्हायच्या आत परततात. आईला कुणी चाल म्हणालं नाही, ती भजनाला जाते.

---

जुन्नरकर_७१

वरचं वाचून बरं वाटलं, पण आमच्या भागाचं दुखणं वेगळंच. माझी आई साखरेसाठी नियमाने पहाटे चालायची, शेजारच्या दोघी सोबत. उसात बिबट्या वाढल्यापासून ते बंद झालं. जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडच्यांना वेगळं सांगायला नको. संध्याकाळी सातनंतर अंगणातसुद्धा आम्ही म्हाताऱ्यांना एकटं सोडत नाही. दिवसा हमरस्त्यावर चालावं तर ऊसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले. "चाला" हा सल्ला देणाऱ्यांनी आधी विचारावं, कुठे चालू?

सध्या झेडपीच्या शाळेच्या मैदानात, शाळा सुटल्यावर साडेपाच ते सव्वासहा. गुरुजींना सांगितलं, त्यांनी फाटक उघडं ठेवायचं कबूल केलं. एवढ्याने काम झालं.

---

माणदेशी_पोर

@कातळसडा, "भजनाला जाते" हे वाक्य मी आईला वाचून दाखवलं. ती नुसतीच हसली, पण ऐकलं तिने.

@फिजिओताई, नानांची चाचणी फोनवरून भाच्याकरवी घेतली. १९ सेकंद. शेवटच्या वेळी हाताचा आधार घेतला म्हणे.

---

उपकेंद्रातून

मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे, एका उपकेंद्रात. आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात ते. आमच्याकडे काय मिळतं हे गावातल्या लोकांनाच पुरतं माहीत नसतं, म्हणून लिहितो. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची साखर आणि बीपी तपासायची हे आमचं कामच आहे. आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरतात, त्यात तंबाखू, दारू, कंबरेचा घेर आणि हालचालीचा प्रश्नही असतो. आठवड्यात १५० मिनिटं हालचाल होते का, असा. बहुतेक घरांत उत्तर येतं, "शेतकरी माणूस, हालचाल होणारच की," आणि तसंच लिहिलं जातं. या धाग्यामुळे मी आता दोन प्रश्न जास्तीचे विचारणार आहे: काल दिवसभरात किती वेळ चाललात? आणि किती वेळ बसलात?

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून तपासणीपर्यंत पैसे लागत नाहीत. बीपीच्या बाबतीत सातारा जिल्हा तर भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या जिल्ह्यांपैकी एक, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्ध्याबरोबर. महिन्याच्या गोळ्या एकदम द्यायच्या, म्हणजे दर आठवड्याला खेप नको, ही त्यातली मुख्य गोष्ट. नानांना उपकेंद्रात चालत पाठवा. महिन्यातून दोनदा बीपी दाखवायचं हे कारण पारावर सांगण्यासारखं आहे.

---

वैनगंगेकाठचा

मी काही वर्षं गडचिरोलीत काम केलंय. एक गोष्ट जोर देऊन सांगतो, कारण या धाग्यात व्यायामाबद्दल वाचून कुणीतरी गोळी सोडेल अशी धास्ती वाटते.

डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. २०१५ साली ते प्रसिद्ध झालं. मलेरिया, क्षयासाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या जिल्ह्यात मृत्यूचं पहिलं कारण निघालं पक्षाघात. दर सात मृत्यूंमागे एक. त्यातले बहुतेक जण घरीच वारले. ही गावं आळशी माणसांची नव्हेत. धान रोवणारी, मोहफूल आणि तेंदूपत्ता वेचायला कोसकोस चालणारी माणसं ती. हालचाल होती, तरीही रक्तदाब कुणी मोजला नव्हता, मोजला तर गोळी सलग घेतली नव्हती.

तेव्हा चालणं हवंच, आणि गोळीही हवीच. "बीपी नॉर्मल आलं म्हणून बंद केली" हे वाक्य मी इतक्या अर्धांगाच्या रुग्णांच्या घरी ऐकलंय की आता ऐकवत नाही. ते नॉर्मल आलं ते गोळीमुळे.

---

शिवार

वैनगंगेकाठचा, हे मला माहीत नव्हतं. वर जरा घाईने लिहिलं. खाण्याबद्दलचं माझं मत कायम आहे, पण गोळी आणि मोजण्याबद्दलचं पटलं. घरी वडिलांचं बीपी दोन वर्षांत पाहिलेलं नाही. उद्या बघतो.

---

यवतमाळ_वरून

उन्हाचं कुणी बोललं नाही म्हणून. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात. त्यावर असलेला म्हातारा माणूस उन्हातून चालून आला की एकदम उभं राहताना चक्कर येते. माझ्या मामांना आली, गोठ्याच्या दगडावर पडले, कपाळाला सात टाके. उन्हाळ्यात सकाळी साडेसहाच्या आत चालणं उरकायचं आणि आधी पाणी प्यायचं. मामा तर तहान लागली नाही म्हणून पीतच नव्हते. म्हातारपणी तहान कळेनाशी होते, हे आम्हाला दवाखान्यात कळलं.

---

ओवी_सातपुते

माझा अनुभव कडू आहे, पण लिहिते. आबांना साखरेच्या दोन गोळ्या होत्या, त्यातली एक ग्लिमेपिराइड, म्हणजे साखर गरजेपेक्षा खाली उतरवू शकणारी. एकादशीला उपवास, गोळी मात्र नेहमीसारखी घेतली, आणि डोंगरावरच्या देवळात चालत निघाले. अर्ध्या वाटेत घाम, हात थरथर, बोलणं बरळल्यासारखं. लोकांना वाटलं, उन्हाचा त्रास. एका गुराखी पोराने खिशातला पेढा तोंडात घातला म्हणून आबा आज आहेत. साखर ४८ पर्यंत उतरली होती.

कृपया, ज्यांचे आईवडील अशा गोळीवर किंवा इन्शुलिनवर आहेत त्यांनी उपवासाच्या दिवशीच्या डोसाचं डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. मेटफॉर्मिन ही साखरेची दुसरी गोळी, नुसत्या तिने सहसा असं होत नाही. चालायला जाताना खिशात साखरेची पुडी. तीन चमचे साखर तोंडात, पंधरा मिनिटं बसायचं, बरं वाटलं नाही तर पुन्हा तीन चमचे. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काही घालू नका, ठसका लागतो. थेट गाडी बघा.

---

दिंडी_क्रमांक_नाही

ओवीताई, अंगावर काटा आला. याच धाग्यात विचारते. आई ६८, साखर बारा वर्षांची. या वर्षी आळंदीहून पायी वारीला निघायचं म्हणते. अडीचशे किलोमीटर. आजवर बसने जायची. नाही म्हणवत नाही, हो म्हणायला जीव होत नाही.

---

तालुक्याची_फिजिओ

ताई, नाही म्हणू नका. तयारीला मात्र लावा. तीन महिने आधीपासून रोज चालणं, दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत. छातीत दाब येतो का, चढाला धाप लागते का, हे डॉक्टरांकडून आधी तपासून घ्या. पुणे ते सासवड दिवे घाटाचा टप्पा सगळ्यात लांब असतो. तो वाहनाने करायचा ठरवलं तरी वारी मोडत नाही.

सगळ्यात महत्त्वाचे पाय. बारा वर्षांच्या साखरेत तळव्याची जाणीव कमी झालेली असू शकते. काटा रुतला, फोड आला तरी कळत नाही. अनवाणी चालायचा नवस असेल तर तेवढा तुम्ही माउलीला सांगून सोडवून घ्या. जुने, पायात बसलेले बूट, सुती मोजे. आणि रोज रात्री मुक्कामी दुसऱ्या कुणीतरी बॅटरी लावून तळवे आणि बोटांमधली जागा बघायची. स्वतःचा तळवा त्यांना दिसणार नाही. फोड दिसला की दुसऱ्या दिवशी चालणं बंद, वाटेवर आरोग्य पथकं असतात तिथे दाखवायचं.

किती वेगाने, असं विचारतील. शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, पण खड्या आवाजात अभंग ओढता येऊ नये. तो मध्यम वेग.

---

माणदेशी_पोर

तीन महिन्यांनी परत लिहितोय.

वाटेकऱ्याशी मीच बोललो. त्याचं म्हणणं, नाना आले तर आनंदच, पण त्यांनी काही सांगितलं की मला उत्तर द्यायला संकोच वाटतो. मग ठरलं की बांधावरची आंब्याची आणि सीताफळाची झाडं नानांकडे. ती वाट्यात नव्हतीच. आता नाना रोज सकाळी "झाडं बघाय" जातात. जाताना कळशीभर पाणी नेत होते, ते मी बंद करायला लावलं, ठिबकची नळी टाकली. तर आता आळी करतात, वाळवी बघतात. दोन किलोमीटर जाणं, दोन येणं. संध्याकाळी जेवल्यावर डेअरीपर्यंत एक चक्कर. दूध भाऊ घालतो, पण फॅटची चिठ्ठी नाना आणतात.

उठबशा पारावर करतात, पाराच्या कट्ट्यावरून. त्यांच्याबरोबर अजून दोघं करतात. कट्टा खुर्चीपेक्षा थोडा उंच आहे, पण चालेल म्हणतात. पाच उठबशांना आता १४ सेकंद. साखरेची सरासरी ८.१ आली. डॉक्टरांनी एक गोळी बदललीही होती, त्यामुळे सगळं श्रेय आंब्याला देत नाही. भाकरी तीनाच्या दोन झाल्या, त्यावर घरात बरीच भांडणं झाली.

आईचं मात्र अजून जमलेलं नाही. टॉवेलचा व्यायाम करते, न्हाणीत दांडा बसवला, पण बाहेर पडत नाही. रस्त्यावर खडी टाकून ठेवलीय, तिच्यावर पाय मुरगळेल असं वाटतं तिला. आमच्याकडे कार्तिकात काकड आरती असते, महिनाभर पहाटे. तिला जायचंय. पण अंधार आणि ती खडी.

---

कातळसडा

तिच्याबरोबर जाईल अशी एखादी शेजारीण शोधा. मुलगा किंवा सून नको, बाईच हवी, तिच्याच वयाची. कपाळावर बांधायची बॅटरी मिळते, आमच्याकडे काजूच्या बागेत वापरतात. दोन्ही हात मोकळे राहतात. एका हातात काठी, दुसरा शेजारणीच्या हातात.

---

उपकेंद्रातून

खडीचं ग्रामपंचायतीत लेखी द्या. "ज्येष्ठ नागरिकांना देवळात जायला अडचण" एवढंच लिहा आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं राहून जातं.

---

माणदेशी_पोर

शेजारच्या काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, तिला म्हणावं साडेचारला हाक मारते, उठून बस. बॅटरी मागवलीय. अर्ज नानांनी स्वतः नेऊन दिला, चालत.